चिकट कागद

साडेआठ वाजले तसा सहदेवने गच्चीवरच्या चौकटीतला चिकट कागद सोडवला, पाकिटात घातला आणि वर तारीख लिहिली: १४ मे १९६२. त्याच्या जागी नवा बसवला. एक फूट लांब, एक फूट रुंद. शेजारीच घरमालकीण जाईबाई खाटेवर कुरडया घालत होती.

"आठ दिस झाले, एक माशी नाई चिकटली तुह्या कागदाले," ती म्हणाली.

"माशांसाठी नाही, मावशी. तिकडे दूर समुद्रात अणुबॉम्ब फोडून पाहतात. त्याची धूळ वाऱ्याबरोबर इथवर येते का, ते मोजायचं. कागद मुंबईच्या प्रयोगशाळेत जातो. तिथून आकडे दुसऱ्या देशांना कळवतात."

जाईबाईचा सोऱ्या थांबला. तिने वर पाहिलं. अमरावतीवरचं आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

"अन् माह्या कुरडया कुठं धाडू मोजाले?"

सहदेव पाकीट चिकटवू लागला. कुरडया तिच्या लेकीसाठी होत्या. ललिता बाळंतपणाला माहेरी आली होती, पंधरवड्याने तिवशाला सासरी निघणार होती.

"ललिता खाईन, तिचं दूध पोरगी पेईन. खरं सांग, पडून राह्यलं का काई वरून?"

"माहीत नाही. आकडे यायला तीन महिने लागतात. पण जिनिव्हाला अठरा देश बोलणी करायला बसलेत. हे फोडणं बंद करायचं म्हणून."

"अन् थे उठेपर्यंत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर गेला, तर कुरडयांवर जाईबाईचं जुनं लुगडं पसरलेलं होतं, कडेकडेने दगड ठेवलेले. लुगड्याचं उरलेलं टोक त्याच्या चौकटीवर ओढलेलं होतं. काल संध्याकाळपासून वारा होता. लुगड्यावर बारीक धूळ बसली होती. खालचा कागद कोरा करकरीत.

"तुहावालाही झाकला रे बापा," जाईबाई म्हणाली. "आता नाई पडत काई."

सहदेव पाकीट हातात धरून उभा राहिला. कागद तसाच पाठवला तर मुंबईत शून्य मोजलं जाणार होतं, आणि ते खोटं होतं. त्याने पेन्सिल काढली, 'कागद झाकलेला होता' एवढंच लिहिलं आणि मान वर केली.

"मावशी, थांबा—"

जाईबाईने दगड बाजूला केले होते. लुगडं तिने कठड्याबाहेर धरलं आणि दोन्ही हातांनी जोरात झटकलं.

खाली अंगणात, भिंतीच्या सावलीत, ललिता पाळणा हलवत होती.