घंटी न मारता थांबलेली गाडी

पेट्रोल पंपाशी आल्यावर ड्रायव्हरनं पुन्हा गाडी बाजूला घेतली. सकाळपासूनची ही तिसरी वेळ.

"पाच मिनिटं हं, मंडळी," म्हणत तो उतरला आणि गाडीमागे दिसेनासा झाला.

कंडक्टरनं घंटी मारलेली नव्हती. गाडी थांबायची ती त्याच्या घंटीवर, हा दोघांचा बारा वर्षांचा शिरस्ता. पण गेले दोन महिने ड्रायव्हर मनाला येईल तिथं थांबत होता. पुढच्या सीटवरच्या आजीबाईंनी नाक मुरडलं. कंडक्टरनं त्यांची समजूत काढली, खांद्यावरून घसरणारी तिकिटांची बॅग सावरली आणि गाडी थांबलीच आहे तर आपणही जाऊन यावं म्हणून तो पंपामागच्या मुतारीकडे वळला.

परत येऊन त्यानं ड्रायव्हरच्या सीटमागचा पाण्याचा कॅन उचलला. पाच लिटरचा कॅन, अकरा वाजताच तळाला गेलेला! याच्या पोटात विहीर आहे की काय, असं पुटपुटत त्यानं उरलंसुरलं पाणी संपवलं.

माणूस तसा थट्टेखोर, पण आता त्याला थट्टा सुचेना. डेपोच्या दवाखान्याबाहेर मधुमेहाचं एक पत्रक लावलेलं होतं. छपाई इतकी फिकी, की नाक टेकवून वाचावं लागलं होतं. सारखी तहान, वारंवार लघवी, कारण नसताना उतरणारं वजन, थकवा, अंधूक दिसणं. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी तर स्टिअरिंग धरून समोरच बसल्या होत्या. त्याच्या मेहुण्यानं असंच दुखणं अंगावर काढलं होतं आणि शेवटी पाय गमावला होता. हा तर गाडी चालवणारा माणूस. डोळ्यांवर आलं तर नोकरी जाईल, आणि मागे बसलेल्या पन्नास जणांचं काय? कंडक्टरला खरोखर भीती वाटली.

शेवटच्या थांब्यावर नेहमीची डुलकी काढून झाल्यावर त्यानं विषय काढला.

"एक सांगू? रागावू नकोस."

"बारा वर्षं ऐकतोच आहे. सांग."

"साखर तपासून घे."

ड्रायव्हर आढेवेढे घेईल, वर चार शब्द सुनावेल, अशी कंडक्टरची तयारी होती. पण तो लगेच म्हणाला, "चल. तू मात्र बरोबर पाहिजेस. मला सुईची भीती वाटते."

"एवढं धूड हाकतोस आणि सुईला भितोस?" कंडक्टरचा जीव भांड्यात पडला.

डेपोच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी त्रास विचारला, तेव्हा ड्रायव्हरनं तोंड उघडायच्या आत कंडक्टरनंच पाढा वाचला. तहान, रिकामा कॅन, वाटेत तीन-तीनदा थांबणं.

"स्वतःहून कधी आला नसता हा," तो म्हणाला.

"वेळेवर आणलंत," बाई म्हणाल्या. त्यांनी सुई काढली. "बोट पुढे करा."

ड्रायव्हरनं हात मागे घेतला.

"माझं नको, बाई. मी गाडीमागे नुसता उभा राहतो. पळत जातो तो हा. भरल्या गाडीत स्वतःसाठी घंटी मारायला लाजतो, म्हणून मीच थांबवतो. कॅनही याच्यासाठीच भरून आणतो."

त्यानं कंडक्टरचा हात धरून टेबलावर ठेवला.

"दोन महिने याला इथं कसं आणावं, तेच कळत नव्हतं. आज हाच मला घेऊन आला."