जसोंडीची अळंबी, नमुने तीन

अळंबी निर्दोष सुटली. लेखी, सहीशिक्क्यासह. पण ते पुढचं. तूर्त तसं काही झालेलंच नाही, असं समजून चालू.

तूर्त जसोंडीत अळंबी गुन्हेगार होती. निंबा पाटील संध्याकाळी तिची भाजी खाऊन झोपले आणि सकाळी उठले नाहीत. जसोंडीत निकाल लावायला डॉक्टर लागत नाही. दुपारच्या आत अग्नी देऊन मंडळी परतली तेव्हा एकमत झालं होतं: निंबाभाऊंच्या बायकोला, मालूबाईला अळंबी ओळखता आली नाही. चूक कोणाच्याही हातून होते. पोलिसांना कशाला त्रास?

मालूबाईनं स्वतः ती भाजी चाखली नव्हती. तिला चतुर्थीचा उपास होता.

गावानं माफ केलं, पण शाळा अडून बसली. मालूबाई शाळेत पोरांचं जेवण रांधायची. त्या वर्षी गावातल्या दोन शाळा एकत्र झाल्या, दोन चुलींची एक झाली, आणि दोघींपैकी एकच स्वयंपाकीण राहणार होती. दुसरी सरुबाई. सरुबाईची भाजी खाऊन आजवर कोणी मेलं नव्हतं. कारण ती कोणी खातच नव्हतं. तरी आता आया म्हणू लागल्या, बेचव चालेल, पण पोरगं घरी परत आलं पाहिजे.

मालूबाईची मुलगी मंगला बुऱ्हाणपुरात शनवारा वेशीजवळ खोली घेऊन एमएस्सी करत होती. विषय वनस्पतिशास्त्र. ती आली तीच चिडून.

"माय, तू चाळीस वर्षांपासून अळंबी तोडते. अन् तुला वळखता येत नाही म्हणे!"

"म्हणू दे व. तोंड आहे त्यांना."

"नोकरी जाईल ना!"

"जाईल तर जाईल. केळीच्या मळ्यात जाईन मजुरीला."

"काही नाही. मी डीएनए करते तिचा."

"त्यानं काय होते?"

"अळंबी स्वतःच सांगते, मी कोण म्हणून."

मालूबाईनं चुलीत एक काटकी सरकवली. "सांगितल्याशिवाय नाही जमत का तिला?"

भाजीच्याच दिवशी, त्याच वारुळावरून तोडलेली उरलेली अळंबी दोऱ्यात ओवून चुलीच्या वर सुकत टांगली होती. मंगलानं तोंडाला ओढणी बांधली. "थुंकी उडाली तर अळंबीच्या जागी माझंच नाव येईल," ती म्हणाली. ब्लेड ज्योतीवर लाल केलं, देठ उभा चिरला, बाहेरचं काही न घेता आतला तांदळाएवढा तुकडा चिमट्यानं स्पिरिटच्या नळीत सोडला. असे तीन. नळ्यांवर पेन्सिलीनं आकडे टाकले. स्पिरिटनं शाई पुसली जाते.

मालूबाई परसातून एक ताजी छत्री घेऊन आली. वरून पांढरी, खालून हिरवट.

"हिचाबी घाल एक तुकडा."

"माय! ही विषारी आहे."

"असू दे ना. चार बरे दिसतात. तीन तिगाडा कशाला?"

मंगलानं ती उकिरड्यावर फेकली. दुसऱ्या दिवशी तशीच एक सुकत्या माळेत मधोमध ओवलेली दिसली. मंगलाला भरून आलं. दुःखात माणूस काय ओवतं याची त्यालाच शुद्ध नसते. तिनं ती हळूच काढून टाकली आणि नळ्या आपल्या पिशवीत ठेवल्या.

फॉर्मवर रकाना होता: नमुना पाठवण्याचे कारण. तिनं लिहिलं, 'आईची नोकरी.' मग खोडून लिहिलं, 'संशोधन.' पाकीट कुरिअरनं पुण्याच्या प्रयोगशाळेत गेलं.

तीन आठवडे मालूबाई रोज फोनवर विचारायची, "आली का व रिपोर्ट?"

"नाही ना माय. टेन्शन नको घेऊ."

"नाही घेत," ती म्हणायची, आणि त्या दिवशी तिला दोन घास जास्त जायचे. मंगला मैत्रिणींना सांगायची, आमच्या मायची हिंमत बघा.

रिपोर्ट आला. मंगलानं तो शाळेच्या पालक समितीसमोर उभं राहून वाचला. तिन्ही नमुने एकाच जातीचे: टर्मिटोमायसिस, म्हणजे वारुळावरची अस्सल, खायची अळंबी. विषाचा संबंध नाही. समितीचे अध्यक्ष शालिग्राम यांनी चष्मा लावून शिक्का पाहिला, मग उलटा धरूनही पाहिला.

"मालूकाकीची नजर पक्की म्हणजे," ते म्हणाले. "स्वयंपाक काकीच करेल."

टाळ्या झाल्या. मंगलाचे डोळे भरले. कोपऱ्यात सरुबाई तेवढी हिशेब जुळत नसल्यासारखी बसली होती.

"दादा, एक विचारू का?" ती म्हणाली. "अळंबी चांगली होती, तर मग निंबाभाऊ कशानं गेले?"

टाळ्या थांबल्या. एक हात वाजायचा राहिला तो तसाच हवेत राहिला.

"हार्ट असेल," मंगला म्हणाली.

"असेल ना," सरुबाई म्हणाली. "पण मग रात्रभर ओकले का? शेजारीच राहते मी."

शालिग्रामांनी चष्मा काढला. "त्या दिवशी घरात आणखी कोण होतं, काकी?"

मालूबाई माणसांकडे नाही, मुलीच्या हातातल्या कागदाकडे बघत होती. शालिग्राम फोन घेऊन बाहेर गेले. चौकीचा नंबर लागेना म्हणून ते उद्यावर गेलं.

घरी मंगला उंबऱ्यातच उभी राहिली. "माय, खरं सांग."

"कागद घे," मालूबाई म्हणाली. "मी सांगते ते लिही. तुझ्या पुण्याच्या साहेबांना."

मंगला बसली, आणि तिनं लिहिलं:

'विषय: अहवालात दुरुस्ती करण्याबाबत. महोदय, आमच्या तीन नमुन्यांची अळंबी खाण्यास योग्य असल्याचे आपण कळविले, त्याबद्दल आभारी आहोत. तथापि गावाची निकड लक्षात घेऊन सदर अळंबी मागील तारखेपासून विषारी करून मिळावी, ही नम्र विनंती.'