थोरल्याचं मर्तिक

चौथ्या दिवशीही थोरला हाकेला आला नाही. तारिएरेने पितळी परात तीनदा पाण्यावर आपटली, कोंबडीची आतडी काठावर टाकली आणि वाट बघत उभी राहिली. पाण्यावर तेलाचा तवंग तेवढा हलत होता.

थोरला म्हणजे तळ्यातली शेवटची मगर. गावात मगरींना भावंडं मानत. त्यांना कुणी मारत नसे. एखादी मेली तर सुतक पाळत आणि नव्या कापडात गुंडाळून माणसासारखी पुरत. तारिएरेच्या लहानपणी अशी सात भावंडं होती. मग कंपनीचे नळ फुटून तेल तळ्यात उतरू लागलं. मासळी गेली, पाणमांजरं गेली, भावंडंही एकेक करून गेली. उरला तो शेपटीचं टोक तुटलेला थोरला.

कंपनीला आता तळ्याखालचं तेल हवं होतं. पण पंचांचा जुना करार होता, की एक जरी भावंड पाण्यात असेल तोवर तळ्यात यंत्र उतरायचं नाही. आणि ते आहे की नाही, हे सांगायचं हाक घालणारीनं. पंधरा वर्षं ते काम तारिएरेकडे होतं. कंपनीच्या माणसांनी तिला आधी शिलाई मशीन देऊ केलं, मग घरावर पत्रे. दोन्ही वेळा तिने त्यांना उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं.

दुपारी तिचा धाकटा भाऊ पेरेकेमे होडीतून आला. बापामागे तळ्याचा पुजारी तोच होता. मेव्हण्याने पोर्ट हारकोर्ट शहरातून पाठवलं असं तो सांगायचा, ते नवं इंजिन त्याने बंद केलं, पण खाली उतरला नाही.

"ताई, बस जरा."

"उभ्यानेच सांग. ज्याची बातमी बसवून सांगावी, असा माझा एकच उरलाय."

"ताडाच्या झाडीत सापडला. तेलाने पार माखलेला."

ती खाली बसलीच.

मगरीला गुंडाळायचं काम पुरुषांचं, रडगाणं बायकांचं. पेरेकेमेने गाठोडं बांधूनच गावात आणलं. सहा जणांनी ते खांद्यावर घेतलं होतं. एकदा तोंड बघू दे, असं तारिएरे म्हणाली.

"नको गं. कातडं सोलवटलंय. तुझ्या डोळ्यांत तो होता तसाच राहू दे."

इतक्या मायेने तो हे बोलला की आपण विचारलंच कशाला, असं तिला झालं. गाठोड्याला तेलाचा उग्र दर्प येत होता, दुसरा कसलाच नाही. एक माशी बसत नव्हती. मेल्यावरही या तेलाने त्याला सोडलं नाही, म्हणून तिचं डोकं भडकलं. मग तिची नजर दोरावर गेली. बापाने जाळ्यांसाठी शोधलेली गाठ होती ती, ओढाल तितकी आवळणारी. बाप भारी हट्टी. ती गाठ त्याने एकट्या पेरेकेमेला शिकवली, पोरींच्या हाताला ती बसत नाही म्हणे. आज मात्र तिला बरं वाटलं. भावाने मनापासून केलं होतं सगळं.

तिने रडगाणं म्हटलं. पेरेकेमे तिच्याहून मोठ्याने रडला. तिने आपल्या लुगड्याच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुरे रे. तू तरी सावर."

रडगाणं झालं की गेलेल्याला पाण्यावर पुन्हा हाक घालायची नसते. दुसऱ्या दिवशी पंच बसले. जायच्या आधी शेजारची बोमा तिच्या कानाला लागली. आहे म्हणून ठोकून दे, तळ्यात बुडी मारून बघायला कोण जातंय?

"ज्याच्यासाठी काल रडले, तो जिवंत आहे असं कसं सांगू?" तारिएरे म्हणाली. "त्याच्या नावाने मला खोटं बोलवायचं नाही."

पंचांपुढे तिने सांगितलं, पाण्यात आता कुणी नाही. कागदावर तिचा अंगठा घेतला. पेरेकेमेनेच तिचा हात धरून तो टेकवला. आपणच तळ्याचा गळा दाबला, असं तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी यंत्रांचे तराफे तळ्यात शिरले. काठावरची झाडं मोडल्याचा आवाज गावापर्यंत येत होता. तारिएरे परात आणायला गेली. निदान ती तरी चिखलात जाऊ नये. परातीला गाळ लागला होता. तो झटकायला तिने ती पाण्यावर आपटली आणि हाताच्या सवयीने तीनदा आपटली.

झाडीपाशी पाणी दुभंगलं.

तो हळूहळू काठाला आला. खंगलेला होता. शेपटीला टोक नव्हतं. जबड्याभोवती दोर बांधला होता आणि त्याचं दुसरं टोक, झिजून तुटलेलं, मागे पाण्यात फरफटत होतं.

तारिएरे गुडघ्यांवर बसली. तिने दोराची गाठ दोन्ही हातांनी धरली आणि सोडवायला ओढली. ती आणखी आवळली.