तिसऱ्या गाडीवरचं घमेलं

पाच गाड्या बांधावरून एकामागोमाग निघाल्या तेव्हा ठमाबाई मिठाच्या राशीपाशी उभी होती. पाटाएवढ्या गाड्या, वर बोटभर दांडी, हाकणारं कुणी नाही. सडकेवरच्या टॉवरचं नेटवर्क जिथं विरायचं तिथं ते पुढच्या गाडीला पोचवायला एक गाडी आपसूक थांबायची, बाकीच्या पुढं जायच्या. भर दुपारी मिठागर इतकं लखलखत होतं, की त्या पाण्यावरून तरंगत चालल्यात असं वाटावं.

तिसरी ठमाबाईच्या पुढ्यातच थांबली. पत्रा तापून चटका बसत होता. उन्हात बसलेल्या माणसावर कुणीतरी सावली धरायची, ही मिठागरातली रीतच. "कुनाचं गो लेकरू तू," म्हणत तिनं हातातलं रिकामं लोखंडी घमेलं त्या गाडीवर पालथं घातलं आणि बांधाच्या टोकाच्या आपल्या घराकडे गेली.

घरात तिचा नवरा काळूराम वर्षभर खाटेला खिळलेला. या टोकाला फोन कधी लागलाच नव्हता. मुलाचं, हितेशचं जहाज बंदरात असलं की दर रविवारी ठमाबाई सडकेपर्यंत चालत जायची, त्याच्याशी बोलायची आणि पोराचं बोलणं नवऱ्याला आणून सांगायची. त्यात एक वाक्य तिच्या पदरचं असायचं. हंड्यावरचं झाकण नीट करत ती म्हणायची, "बाबांची लय आठवन येते बोलला."

मिठागर विकायला बापानं नकार दिला, तेव्हापासून दोन वर्षं हितेशनं बापाचं नावही काढलं नव्हतं.

आज काळूराम स्वतः बोलणार होता. तीन वाजता जहाज बंदर सोडणार, मग दीड महिना आवाज नाही. गाड्यांची चाचणी घ्यायला आलेली प्राप्ती हातातल्या पडद्याकडे बघत कपाळाला आठ्या घालून बसली होती.

"मावशी, चौथी, पाचवी इथून दिसतायत. तिसरी गप्प आहे. वर काही पडून सिग्नल अडला असेल का?"

ठमाबाईला आपलं घमेलं आठवलं. ती उठली आणि बांधावरून धावत सुटली.

घमेल्याला हात लावून मात्र ती थांबली. हे इथंच राहिलं तर दोन वर्षांचं तिचं बोलणं झाकलेलं राहील. लांब खिडकीत काळूराम उशीला टेकून बसलेला दिसत होता, फोन दोन्ही हातांत धरलेला. ठमाबाईनं घमेलं उचललं.

थोड्या वेळानं प्राप्तीनं दारातून हात हलवला. फोन लागला होता. ठमाबाई गाडीवर लुगड्याचा पदर धरून उभी राहिली. पोराचा आवाज तिच्याजवळून जात होता आणि तिला काहीच ऐकू येत नव्हतं. वारा होता, मीठ चमकत होतं. तिला भीती वाटत होती आणि आतून कुठंतरी सुखही.

प्राप्तीनं पुन्हा हात केला, तेव्हा ती घरी आली. काळूरामनं फोन छातीवर ठेवला होता.

"काय बोलला पोर?" तिनं उंबऱ्यातूनच विचारलं.

"बरा हाय. जेवन पन बरं हाय बोलला."

मग चादरीची घडी नीट करत, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "आन तुझी लय आठवन येते बोलला."