पांढरे हातमोजे

"नेसवू दे रे तिला. पाद्री यायला अजून वेळ हाय," मॅग्डलीनमावशी तिसऱ्यांदा म्हणाली. तिच्या काखेत आग्नेसचं लाल चौकडीचं लुगडं होतं, सणाला देवळात नेसायचं. समोर ओटीवर पेटी होती आणि पेटीत आग्नेस, तिची थोरली बहीण.

"नको मावशी," आग्नेसचा मुलगा एडवर्ड हळू आवाजात म्हणाला. "माझ्या ऑफिसातली माणसं येणार आहेत."

म्हणजे झालंच. एडवर्डच्या ऑफिसपुढे वसईच्या पाचूबंदरात कुणाचं काही चालत नसे. कोळ्याचा पोर फोर्टातल्या कचेरीत हेडक्लार्क झालेला, बांद्र्याला बिल्डिंगीत राहणारा, टेबलावर काटे-चमच्यानं जेवणारा. त्याच्याशी हुज्जत कोण घालणार? मावशी लुगडं घेऊन कोपऱ्यात जाऊन बसली.

आग्नेस काल मुंबईच्या इस्पितळात वारली. लूर्डसनं, म्हणजे एडवर्डच्या बायकोनं, तिला तयार केलं आणि आज सकाळी रेल्वेच्या लगेजच्या डब्यातून तिला वसईला आणलं. भावकी म्हणत होती, होडीनं आणू, जन्मभर समुद्रावर पोट भरलं बाईनं. पण होडीला वास येतो. वासाचं एडवर्डला फार. आल्याबरोबर त्यानं अंगणातल्या दोरीवरचे बोंबीलसुद्धा काढायला लावले. मयत झालं म्हणून आज एकही होडी बाहेर पडली नव्हती, सगळं बंदर दारात जमलेलं, आणि हा बोंबील काढायच्या मागे.

पेटीतली आग्नेस मात्र बघत राहावी अशी दिसत होती. अंगात पांढरा फ्रॉक, पायात मोजे आणि काळे बूट, तोंडावर बारीक जाळी टाचलेली. कोलनवॉटर शिंपडलेलं. हातात कोपरापर्यंत पांढरे हातमोजे. ते एडवर्डनं मुद्दाम आणले होते. चाळीस वर्षं आग्नेसनं डोक्यावरून मासळी विकली होती. मिठानं आणि काट्यांनी तिच्या तळव्यांची पार चाळण झाली होती. ऑफिसात एडवर्डनं सांगून ठेवलं होतं की वडिलांचा होड्यांचा धंदा आहे. आईबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

उगीच त्याला वाईट म्हणू नये. त्यानं आईसाठी काय कमी केलं? चांगलं इस्पितळ, मोठा डॉक्टर, रोज संध्याकाळी कचेरीतून सुटला की तिच्या खाटेपाशी हजर. पोरगा जीव टाकायचा तिच्यावर. फक्त चारचौघांत तिची त्याला लाज वाटायची. त्याच्या घरी राहिली तेवढे दिवस सुकट बंद, जमिनीवर बसणं बंद, बशीत चहा ओतणं तर अगदीच बंद. तो कचेरीत गेला की ती स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसायची आणि बशीतून भुरका मारून चहा प्यायची. लूर्डस बघायची आणि नवऱ्याला सांगायची नाही.

आग्नेसचा नवरा, म्हातारा सेबेस्टियन, सकाळपासून आत खुर्चीवर बसून होता. त्यालाही एडवर्डनं पाटलोण चढवली होती. दहा वर्षांपूर्वी त्याचे दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून आग्नेस त्याला हाताला धरून पाण्यावर न्यायची, देवळात न्यायची, ताटातल्या मासळीचे काटे काढून द्यायची. दोन महिन्यांपूर्वी तिला मुंबईला नेलं आणि म्हातारा खरा आंधळा झाला.

"येऊ का रे तिच्याकडं?" तो दर थोड्या वेळानं विचारायचा. "येकदा हात लावतो न् बसतो परत."

"थांब बा. साहेब येऊन जाऊ देत."

तोही बापडा थांबायचा.

साहेब आले. बरोबर ऑफिसातली दोघं होती. साहेबांनी हॅट काढली, फुलं ठेवली, पेटीकडे बराच वेळ बघितलं. मग एडवर्डच्या खांद्यावर हात ठेवून ते इंग्रजीत म्हणाले, तुमच्या आईकडे पाहिलं की घराणं कळतं. एडवर्डचा ऊर भरून आला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

पाद्री आले, प्रार्थना झाली. सुतारानं झाकण उचललं. घरच्यांनी शेवटचं भेटून घ्या, असं कुणीतरी म्हणालं. एडवर्डनं बापाला दंडाला धरून पेटीपाशी आणलं.

सेबेस्टियन वाकला. हात चाचपत पेटीत गेला आणि हातमोज्यावर थांबला. बोटं चाचपली, मनगट चाचपलं, कोपरापर्यंत जाऊन परत आला. मग पायांकडे गेला. बुटाचं चामडं हाताला लागलं, लेस लागली. तोंडाकडे नेला तर मधे जाळी. म्हाताऱ्यानं झटकन हात मागे घेतला. परक्या बाईला चुकून हात लागावा, तसा तो ओशाळला.

"बा, आईच आहे," एडवर्ड पुटपुटला.

म्हाताऱ्यानं हात परत पेटीत घातला नाही. सगळ्यांचं लक्ष एडवर्डकडे लागलं. एक हातमोजा काढायचा होता, बस. तो तळवा हातात आला असता तर म्हाताऱ्यानं हजारांत ओळखला असता. पण साहेब अजून समोरच उभे होते, हॅट छातीशी धरून. एडवर्डचा हात पुढे झाला नाही.

सेबेस्टियननं पोराचा खांदा शोधला. पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तो अगदी हळू बोलला.

"रागावू नको एडवर्डा, पन गफलत झालीय. ही कुनाची तरी मड्डम हाय रे. परत नेऊन दे तिला. तिची मानसं वाट बघत असतील."