ब्रेक उत्तम

मदत छावण्यांना औषधं पोचवणाऱ्या गाड्यांचा प्रमुख रोज कानीकपाळी ओरडायचा, "आधी गाडी बघा, मग तपासणीचा फॉर्म भरा!" पण पालथ्या घड्यावर पाणी. आज फाईल चाळताना मात्र त्याच्या मस्तकात तिडीकच गेली. सात नंबरची गाडी ब्रेक न लागल्याने रविवारी दरीत कोसळलेली, ड्रायव्हर अजून बेशुद्ध. तरी तिचा आजचा फॉर्म हजर! ब्रेक उत्तम, टायर उत्तम.

"कुणी भरला हा?" तो कारकुनावर खेकसला.

"मीच, साहेब. सगळ्या गाड्यांचे मीच भरतो. ड्रायव्हरांना निघायची घाई असते."

"आणि डोळे झाकून मंजूर कोण करतं?"

कारकुनाने फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. सकाळी चहा पिता पिता ठोकलेली ती सही साहेबांचीच होती.