सातवं प्रकरण

वेंडेल आणि आयझेया, दोघेही माझ्या शाळेतले. पुढे कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघातही एकत्रच होते. वेंडेलने त्या दिवसांच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, ते खरं तर सातव्या प्रकरणासाठी. टेक्सासच्या ऑगस्टमधल्या कडक उन्हात, सरावात हेल्मेट घालून पळताना आयझेया पाणी मागत होता. "पाणी पोरींना लागतं," म्हणत कोचने त्याला आणखी पळवलं. संध्याकाळी आयझेया उष्माघाताने गेला.

वेंडेल आमच्या टेक्सासमधल्या गावच्या वाचनालयात पुस्तकावर सह्या करायला बसला. पहिलाच माणूस गुरकावला, "म्हाताऱ्या कोचची अब्रू काढलीस, लाज नाही वाटली?" दुसऱ्याला फक्त शेवटच्या सामन्यातल्या विजयी टचडाउनची गोष्ट ऐकायची होती.

मग एक बाप पुढे आला. त्याने पुस्तक नेमकं सातव्या प्रकरणावर उघडलं.

"वेंडेलभाऊ, इथेच सही कर. हे मी माझ्या पोराला तीनदा वाचून दाखवलंय. नऊ वर्षांचा आहे, पण खेळतो झकास."

वेंडेलचे डोळे भरून आले. "त्याला कळलं सगळं?"

"कळलं म्हणजे?" बापाने छाती फुगवली. "आता सरावात जीव कासावीस झाला, तरी पठ्ठ्या पाणी मागत नाही!"